आत वळलेली मुलगी

ठोसर सरांनी उजव्या हाताची मूठ वळली, खांद्यापर्यंत नेली आणि खाली आणली. "आउट!"

त्यांचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. मैदानापलीकडच्या रस्त्यावरून कापसाची बंडी चालली होती, त्या बंडीवाल्यानंही वळून पाहिलं. अमरावतीच्या शाळेच्या मुलींनी हातमोजे हवेत उडवले आणि त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मंडपातल्या माइकवरून कोणीतरी तेवढ्यात विजेत्या संघाचं अभिनंदनही करून टाकलं.

मी पहिल्या बेसपासून दहा-बारा पावलांवर होते. तोंडावरची जाळी काढून हातात धरलेली. ती मुलगी आउट नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

बावीस वर्षं झाली त्याला. मोर्शीला एका कॉलेजच्या मैदानावर विभागीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. अंतिम सामन्याला आम्ही दोघं अंपायर होतो. मी कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारीच्या मागे, मुख्य जागेवर, सर बेसवर. माझं वय तेव्हा तीस, त्यांचं छप्पन्न.

सॉफ्टबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगते. चेंडू टोलवला की बॅटरने पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवर ठोकलेल्या त्या पांढऱ्या उशीकडे, जीव घेऊन पळायचं. चेंडू आधी पोचला तर ती आउट, तिचा पाय आधी लागला तर सेफ. इतक्या वेगात येऊन उशीवर थबकता येत नाही, म्हणून पाय लावून पुढे निघून गेलं तरी चालतं. लगेच परत यायचं, एवढंच. परत येताना कोणी अंगाला चेंडू लावला तरी काही होत नाही. मात्र परत यायचं सोडून ती दुसऱ्या बेसकडे निघाली आणि तेव्हा चेंडू लागला, तर ती गेली.

शेवटची इनिंग चालू होती. अमरावतीचे पाच, खैरीचे चार. खैरी म्हणजे वरूडकडचं संत्र्याच्या बागांचं गाव, तिथली शाळा पहिल्यांदाच अंतिम फेरीत आली होती. त्यांच्या दोघी आउट झालेल्या. तिसरी गेली की सामना संपला. अशा वेळी अर्चना घोरमाडे नावाची उंच, सडपातळ मुलगी खेळायला आली. तिनं चेंडू जमिनीवरून सरपटता मारला आणि ती धावली. मी तिच्या मागून पहिल्या बेसच्या दिशेनं पळाले, बेसवर दुसरं कोणी नसलं की मुख्य अंपायरनं तसं जायचं असतं. तिचा पाय चेंडूच्या आधी पडला. सरांनी दोन्ही हात पसरून "सेफ" दिलं, ते बरोबर दिलं. ती वेगात चार-पाच पावलं पुढे गेली, थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि धापा टाकत परत वळली. बाहेरच्या बाजूनं न वळता आतल्या, म्हणजे मैदानाच्या बाजूनं वळली. पहिल्या बेसवरच्या मुलीनं सहज म्हणून तिच्या दंडाला चेंडू लावला. आणि सरांनी मूठ वळली.

अर्चनाला काही कळलंच नाही. ती उशीवर येऊन उभी राहिली होती. आपल्याभोवती सगळे नाचताहेत आणि आपली मैत्रीण डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, डोकं धरून बसली आहे, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं सरांकडे पाहिलं.

"आत वळलीस बेटा," सर म्हणाले. आवाज प्रेमळच होता. "आत नसतं वळायचं."

खैरीचे वाकोडे सर पळत माझ्याकडे आले. गणिताचे शिक्षक होते ते. शाळेत खेळाचा शिक्षक नव्हता, म्हणून यांनीच पुस्तकं वाचून, इकडेतिकडे विचारून मुलींना खेळ शिकवला होता. राज्य स्पर्धेत खेळलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, हे एकेका बापाला पटवून त्यांनी त्या बारा-चौदा जणींना घराबाहेर काढलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त पळत आलेला एक माणूस दिसत होता.

"मॅडम, कशी आउट? मी भांडायला नाही आलो. मले फक्त कारण सांगा."

"तुम्ही इथेच थांबा," मी म्हटलं. "मुलींना मैदान सोडू देऊ नका. मी सरांशी बोलते."

मग अमरावतीच्या गुल्हाने मॅडमकडे वळून मी मोठ्यानं सांगितलं, "मॅडम, मुलींना दोन मिनिटं आतच ठेवा. सामना अजून संपवलेला नाही."

"म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी सरांकडे निघाले होते.

माझ्यात आणि सरांच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर होतं.

अंपायरिंगमध्ये एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. जोडीदाराचा निर्णय त्याचा असतो. त्यानं जे पाहिलं ते त्यानं पाहिलं, त्यावर दुसऱ्यानं बोट ठेवायचं नाही. पाय आधी लागला की चेंडू, ती दुसऱ्या बेसकडे निघाली की नाही, हे ज्याच्या पुढ्यात घडलं त्यानं ठरवायचं. मला पटो न पटो. पण पाहण्यात चूक नसेल आणि नियमच चुकीचा लावला असेल, तर ती चूक दुरुस्त करता येते. तीसुद्धा त्यानंच करायची. मी जाऊन ती फिरवायची नाही.

म्हणजे सगळं सरांच्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. "मला वाटलं ती दुसऱ्या बेसकडे निघाली" एवढं ते म्हणाले, तर विषय मिटला. कोणीही काही करू शकलं नसतं.

आणि ते ठोसर सर होते. आमच्या तालुक्यात हा खेळ आणला तो त्यांनी. सत्तरच्या दशकात नागपूरला कुठल्याशा शिबिराला गेले, दोन बॅटी आणि एक फाटका चेंडू घेऊन आले आणि गावातल्या सुताराकडून बाकीच्या बॅटी करून घेतल्या. मुलींनी अर्ध्या चड्डीत खेळायचं म्हटल्यावर गावात बोंब झाली, तर यांनी मुलींना सलवारी घालून खेळवलं. माझे वडील शिलाईचं काम करायचे. सर तीन वेळा आमच्या दुकानात येऊन बसले. तिसऱ्या वेळी वडील म्हणाले, "घेऊन जा गुरुजी, पण हातपाय मोडून आणू नका." त्या खेळावर मी विद्यापीठापर्यंत गेले, त्याच खेळावर मला क्रीडा शिक्षिकेची नोकरी लागली. घरात माझ्याआधी कोणी नोकरी केली नव्हती.

"बाहेर वळा, वाचा. आत वळा, मरा." हे त्यांचं वाक्य. सरावाला रोज आम्ही तीस मुली ते एका सुरात म्हणायचो.

मी त्यांच्याजवळ पोचले. पाठ मंडपाकडे केली, तसे तेही फिरून उभे राहिले आणि आमचे चेहरे लोकांना दिसेनासे झाले.

"काय झालं?" ते म्हणाले.

"सर, तुम्ही काय पाहिलं?"

"पाहिलं म्हणजे? सेफ होती. मग आत वळली. त्या मुलीनं चेंडू लावला. आउट."

"ती दुसऱ्या बेसकडे निघाली होती का?"

"त्याचा काय संबंध? आत वळली की खेळ चालू. तुला शिकवलंय ना मी."

मंडपातून माइक पुन्हा खरखरला. बक्षीस समारंभासाठी पाहुण्यांनी मंचाकडे यावं, अशी विनंती होत होती. आणि मग मी एक वाक्य बोलले, त्याची मला आजही लाज वाटते.

"सर, ती दुसऱ्या बेसकडे निघाली असं तुम्हाला वाटलं असेल, तर निर्णय तुमचाच आहे. मी जाऊन वाकोडे सरांना तसं सांगते. मग कोणी काही बोलणार नाही."

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या टोपीच्या कडेखालून घाम कानशिलावर उतरला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "तू मला पळवाट काढून देऊन राहिलीस का?"

मी हातातल्या जाळीकडे पाहिलं.

"म्हणजे नियम तसा नाही."

"नाही सर."

"आत वळलं तरी चालतं?"

"कुठूनही वळलं तरी चालतं. दुसऱ्या बेसकडे निघाली तरच."

"पुस्तकात आहे?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की सर."

त्यांनी अर्चनाकडे पाहिलं. ती अजून उशीवरच उभी होती. उशी सोडली तर आपण खरंच आउट होऊ, असं तिला वाटत असावं.

"नाही निघाली ती," सर म्हणाले. "मान खाली घालून परत येत होती. दम लागला होता पोरीले."

एरवी शाळेत शुद्ध बोलणारे सर. "पोरीले" म्हणाले तेव्हा ते माझ्याशी बोलत नव्हते, स्वतःशी बोलत होते.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" मी विचारलं.

"मूठ कोणी वळली?"

ते चालत मैदानाच्या मध्यावर गेले. मी त्यांच्या एक पाऊल मागे. त्यांनी दोन्ही हात वर करून मंडपातल्या माइकवाल्याला थांबायची खूण केली, तो ऐकेना, तेव्हा ओरडून त्याला गप्प केलं. मग दोन्ही प्रशिक्षकांना बोलावलं.

"मी दिलेला निर्णय चुकीचा होता," ते म्हणाले. "नियम मला चुकीचा माहीत होता. बॅटर सेफ आहे. ती पहिल्या बेसवर, दोन आउट, सामना पुढे चालू."

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले, सगळ्यांना दिसतील असे.

आधी कोणाला समजलंच नाही. मग अमरावतीच्या पालकांच्या बाजूनं गलका झाला. "आता काऊन बदलवता?" "जिकलो ना आम्ही!" "हे काय पोरखेळ लावला?" एक जण दोरी ओलांडून आतच आला. गुल्हाने मॅडमचा चेहरा लाल झाला होता.

"सर, मुली नाचल्या, रडल्या. त्यांना आता मी काय सांगू? आणि निर्णय दिल्यावर असा बदलतात? या मॅडमनी येऊन तुमच्या कानात सांगितलं आणि तुम्ही बदलला?"

"त्यांनी मला फक्त विचारलं, मी काय पाहिलं," सर म्हणाले. "चूक माझी आहे. त्यांचं नाव यात घ्यायचं नाही."

"मग मी लेखी तक्रार करते."

"करा. तुमचा हक्क आहे. मी सही करून देतो, की माझी चूक होती. पण आधी सामना पुरा करू."

गुल्हाने मॅडमनी मुलींकडे वळून टाळी वाजवली. "चला ग. जागेवर. अजून एक हवी." त्यांचा मला राग आला होता खरा, पण आज वाटतं, त्याही काही वाईट नव्हत्या. त्यांच्या मुलींचा काय दोष होता?

मुलींनी गवतातून आपापले हातमोजे शोधून काढले. एकीचा सापडेना, त्यात आणखी दोन मिनिटं गेली. मी जाळी चढवली आणि कॅचरच्या मागे जाऊन वाकले.

खैरीची पुढची मुलगी यादीतली शेवटची होती. बुटकी, बॅट तिच्या अंगापेक्षा मोठी. पहिला चेंडू तिनं सोडला, स्ट्राइक. दुसऱ्यावर बॅट फिरवली, हुकली. दुसरा स्ट्राइक, तिसरा झाला की ती आउट. अर्चना पहिल्या बेसवरून ओरडत होती, "डोळे उघडे ठेव! डोळे!" तिसरा चेंडू आला आणि त्या मुलीनं असा मारला, की आवाजावरूनच मला वाटलं, हा गेला. डोक्याएवढ्या उंचीनं, सरळ, सणसणत. अर्चना पळत सुटली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या अमरावतीच्या मुलीनं उडी मारली. चेंडू तिच्या मोज्यात अडकला आणि ती चेंडूसकट पाठीवर पडली. मोजा वर धरलेला, आत चेंडू.

मी मूठ वळली. आउट. सामना संपला. पाच-चार.

या वेळी अमरावतीच्या मुली जरा कमी नाचल्या. गुल्हाने मॅडमनी माझ्या हातात हात दिला आणि सर ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी नियम वाचून या म्हणावं तुमच्या सरांना." सरांनी ऐकलं. ते उशी जमिनीतून उपटायला मदत करत होते, त्यांनी मान वर केली नाही.

वाकोडे सर मुलींना गोळा करत होते. मुली रडत होत्या, पण हरल्यावर रडतात तसं, साधं. ठोसर सर त्यांच्याकडे गेले. मीही गेले. सर अर्चनासमोर उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली होती.

"बेटा, तू बरोबर वळली होतीस. माझंच चुकलं."

अर्चनानं डोळे पुसले. "सर, मी मुद्दाम नाही वळली. पायच तसा पडला. पुढच्या वेळी बाहेरूनच वळतो ना मी."

"अगं, नाही. आतून वळलं तरी चालतं."

"हो सर," ती म्हणाली. पण तिला ते पटलेलं नव्हतं. ज्या माणसानं थोड्या वेळापूर्वी सगळ्या मैदानासमोर "आत नसतं वळायचं" म्हणून मूठ वळली, तोच आता वेगळं सांगत होता. त्यातलं पहिलंच तिच्या मनात राहणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. वाकोडे सरांनी ठोसर सरांना नमस्कार केला. "सर, पंधरा वर्षं शाळेत आहो मी. चूक झाली असं म्हणणारा माणूस आज पाहिला," ते म्हणाले. सर हसले नाहीत.

साडेचारच्या सुमाराला आम्ही दोघं स्टँडवर आलो. अमरावतीची गाडी यायला वेळ होता. सरांनी दोन चहा सांगितले आणि बाकावर बसले. मला वाटलं, ते रागावले असतील. भर मैदानात, सगळ्या विभागातल्या शिक्षकांसमोर त्यांना चूक कबूल करावी लागली होती. तीही मी विचारल्यामुळे.

"तुला केव्हापासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार, हे मला मैदानावरच कळलं होतं.

"नव्याण्णव सालापासून. नागपूरला अंपायरची परीक्षा दिली तेव्हापासून. त्यात हाच प्रश्न होता. मी तुमचं उत्तर लिहिलं."

"आणि?"

"चुकलं. तपासणाऱ्यांनी नंतर पुस्तक काढून दाखवलं."

सरांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "चार वर्षं."

"हो."

"चार वर्षांत आपण दोघं किती सामन्यांना एकत्र उभे राहिलो?"

"दहा-अकरा."

"आज सकाळी लिंबाखाली बसलो होतो आपण. सामन्याआधी. मी विचारलं तुला, काही बोलायचंय का? काही शंका?"

"हो सर."

"तू म्हणालीस, नाही."

मी मान खाली घातली. मग खरं सांगायचंच तर सगळं सांगावं, म्हणून म्हणाले, "सर, दोन वर्षांपूर्वी चांदूरला एक मुलगी अशीच आत वळली होती. तुम्ही तिला आउट दिलंत. मी समोर होते. सामना एकतर्फी होता, एका संघाचे बारा की तेरा रन जास्त होते. मी म्हटलं, काय फरक पडतो. गप्प बसले."

"कोण होती ती?"

"नाव आठवत नाही. कुठल्या शाळेची, तेही आता आठवत नाही."

समोर एक कंडक्टर कोणाला तरी ओरडत होता. चहावर साय धरली.

"का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होते सर? तुमच्यामुळे मी शिकले. तुम्ही आला नसता तर मी दुकानात काजं करत बसले असते. आज मी जी काही आहे ती..."

"थांब." त्यांनी हात वर केला, अगदी बेसवर करतात तसा. "माझ्यामुळे तू शिकलीस, म्हणून माझ्या बाकीच्या पोरींना चुकीचं शिकू दिलंस?"

चार वर्षं मी त्या गप्प राहण्याला आदर म्हणत आले होते. माझ्या शाळेतल्या मुलींना मी बरोबर नियम शिकवायचे, आणि सर कधी आमच्या सरावाला आले तर तेवढा भाग वगळायचे. त्यांचा मान राखते आहे, असं मला वाटायचं. त्या बाकावर पहिल्यांदा मला दिसलं, की मी फक्त एक अवघड वाक्य बोलायचं टाळत होते. त्या टाळण्याची किंमत मैदानावरच्या मुलींनी दिली होती, चांदूरच्या त्या बिननावाच्या मुलीनं आणि आज खैरीच्या पोरीनं. आणि शेवटी सरांनी, दोनशे माणसांसमोर. लिंबाखाली चहा पिता पिता जे दोन मिनिटांत संपलं असतं, त्याच्यासाठी.

"आज मैदानावर तू मला विचारलंस, ते बरोबर विचारलंस," सर म्हणाले. "ती पळवाट दिलीस, ती नको होती द्यायला."

"हो सर."

"मी घेतली असती तर?"

"तर मी जाऊन सांगितलं असतं तसं."

"म्हणजे आपण दोघंही खोटं बोललो असतो." ते उठले. गाडी आत येत होती. "सोमवारी सकाळी सातला आमच्या शाळेत ये."

गाडीत गर्दी नव्हती, तरी ते माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. अमरावतीला उतरताना फक्त "सात म्हणजे सात" एवढं म्हणाले.

सोमवारी मी पावणेसातलाच पोचले. थंडी पडायला लागली होती. ज्या मैदानावर मी दहा वर्षं खेळले, तिथे तीसेक मुली स्वेटर घालून रांगेत उभ्या होत्या. सर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचून. मला वाटलं, ते मला पुढे करतील आणि नियम समजावून सांगायला लावतील. त्यांनी मला एका बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "तू बघ फक्त."

मग एका मुलीला चेंडू देऊन पहिल्या बेसवर उभं केलं. स्वतः बॅट घेतली, खोटाच टोला मारला आणि पळाले. छप्पन्न वर्षांचा माणूस. मुली हसायला लागल्या. सरांनी उशीवर पाय दिला, पुढे गेले, थांबले आणि धापा टाकत आतल्या बाजूनं वळले.

"लाव चेंडू."

मुलीनं घाबरत त्यांच्या हाताला चेंडू लावला.

"आता सांगा. मी सेफ की आउट?"

"आउट!" तीसच्या तीस जणी एका सुरात ओरडल्या. त्यात कुठे शंका नव्हती, कुठे अडखळणं नव्हतं. मी त्यांच्या वयाची असताना असंच ओरडले असते.

सर उशीवर उभे राहून श्वास घेत होते. थोडं थांबून म्हणाले, "चूक. मी सेफ आहे. मला हा नियम चुकीचा माहीत होता. तुम्हाला मी चुकीचं शिकवलं. या तायडे मॅडम उभ्या आहेत, त्यांनाही मीच चुकीचं शिकवलं होतं. शनिवारी मोर्शीला एका चांगल्या मुलीला मी याच्यापायी आउट दिलं. कुठूनही वळा. दुसऱ्या बेसकडे निघालात तरच आउट. कळलं?"

"हो सर," मुली म्हणाल्या. पण एकमेकींकडे बघत म्हणाल्या.

सरांना तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांनी पुन्हा बॅट घेतली. पुन्हा पळाले, या वेळी जरा हळू. पुन्हा आतून वळले. मुलीनं चेंडू लावला.

"सांगा. सेफ की आउट?"

कोणी बोलेना. मुली कधी माझ्याकडे, कधी जमिनीकडे बघत होत्या. त्यांना उत्तर माहीत होतं, नुकतंच सरांनी स्वतः सांगितलं होतं. तरी वर्षानुवर्षं ज्यांनी एक सांगितलं त्यांच्याच तोंडावर दुसरं बोलायला त्यांची जीभ वळत नव्हती. मी तिथे उभी राहून ते बघत होते.

"बोला ना!" सर म्हणाले.

मागच्या रांगेतून, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचा आवाज आला. इतका बारीक, की मला तो तिच्या ओठांवरूनच कळला.

"सेफ, सर."

सरांनी कानामागे हात धरला आणि तिच्याकडे दोन पावलं चालत गेले.

"नीट ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग मला."